फॅरोंच्या याद्या आणि लोनाडचे राजे

(भिवंडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



फलकावर विषय लिहिलाय, 'प्राचीन इजिप्तचे राजे आणि राजवंश'. लूम बंद करून, दुकानाचं शटर ओढून तुम्ही इथं आलात, तेव्हा पिरॅमिड, ममी, तुतानखामूनचा सोन्याचा मुखवटा यांबद्दल ऐकायला मिळेल ही अपेक्षा रास्तच आहे. त्यातलं थोडं येईलही. पण आम्ही तयारीला बसलो तेव्हा एक प्रश्न पिच्छा सोडेना. तीन हजार वर्षांतल्या राजांची नावं आपण क्रमानं सांगतो, तर ती यादी केली कोणी? आणि ज्यानं केली, त्यानं सगळी नावं लिहिली का? या प्रश्नामागे जाता जाता आम्ही नाईलच्या काठावरून निघालो आणि पोचलो कुठं, तर आपल्याच तालुक्यातल्या लोनाडला. म्हणून आज दोन्हीकडे जायचंय. आधी इजिप्त, मग घर.

तीस राजवंश कोणी मोजले?

आधी ढोबळ चौकट लक्षात घेऊ. इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० च्या आसपास नाईलचं खोरं एका राजाखाली आलं. तिसऱ्या ते सहाव्या राजवंशाचा काळ तो 'जुनं राज्य'. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणारा खुफू चौथ्या राजवंशातला. पुढे फाटाफूट, मग 'मध्य राज्य', पुन्हा फाटाफूट, उत्तरेत हिक्सोस नावाच्या परक्यांचा अंमल. त्यानंतर अठरा ते वीस या राजवंशांचं 'नवं राज्य'. हत्शेप्सुत, अखेनातेन, तुतानखामून, दुसरा रामसेस ही आपल्या कानावरची नावं या काळातली. नंतर लिबियन, नुबियन, इराणी असे बाहेरचे राजे गादीवर आले. शेवटी अलेक्झांडर, त्याच्या सेनापतीचं टॉलेमी घराणं, आणि इसवी सनापूर्व ३० मध्ये क्लिओपात्रा गेली तेव्हा रोम.

आता हे पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे. हे त्या राजांनी स्वतःला लावलेले नाहीत बरं का. खुफूला आपण 'चौथ्या राजवंशातले' आहोत हे ठाऊक नव्हतं. हे आकडे लावले मानेथो नावाच्या एका पुजाऱ्यानं, इसवी सनापूर्व तिसऱ्या शतकात, टॉलेमींच्या अमलात. तो स्वतः इजिप्शियन, पण त्यानं इतिहास लिहिला ग्रीक भाषेत, कारण राज्यकर्ते ग्रीक होते. त्यानं राजांचे तीस गट पाडले. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. जोसिफस, आफ्रिकानस, युसीबियस अशा नंतरच्या लेखकांनी त्यातलं जे उतरवून घेतलं, तेवढंच हाती आहे.

बरं, राजवंश बदलला म्हणजे घराणं बदललंच, असंही नाही. सतरावा आणि अठरावा राजवंश एकाच घरातले. हिक्सोसांना हाकलून देणारा अहमोस अठराव्याचा पहिला राजा, पण तो वंशानं सतराव्याचाच. भिवंडीत हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. जुना बीम संपला की नव्या बीमचे धागे जुन्या टोकांना सांधतात आणि कापड सलग निघतं. बीम वेगळा, कापड एकच. मानेथोनं बीम मोजले.

यादीतून गळालेले

मानेथोच्या आधीच्या याद्याही सापडल्या आहेत. पालेर्मोचा शिलाखंड आहे. तुरिनला ठेवलेली पपायरसची यादी आहे. तिच्यात राजानं किती वर्षं, किती महिने, किती दिवस राज्य केलं तेही लिहिलेलं असे. आज तिचे तुकडे तुकडे झालेत. गंमत म्हणजे ती यादी करवसुलीच्या एका जुन्या कागदाच्या पाठीमागे लिहिलेली आहे. 'महसुलाचा कागद' हे शब्द लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहेत.

आणि सगळ्यांत देखणी यादी अबायडॉसची. सेती पहिला या राजाच्या देवळात भिंतीवर ७६ राजांची नावं कोरलेली आहेत आणि समोर स्वतः सेती आणि त्याचा लहान मुलगा, म्हणजे पुढचा दुसरा रामसेस, पूर्वजांना मान देत उभे आहेत. पाहणाऱ्याला वाटावं, पहिल्या राजापासून आपल्यापर्यंत एक अखंड माळ आहे.

पण मोजायला बसलं की मणी कमी भरतात. हिक्सोस नाहीत. हत्शेप्सुत नाही, जिनं बाई असून वीसेक वर्षं राजा म्हणून कारभार केला. तिसऱ्या अमेनहोतेपनंतर यादी एकदम होरेमहेबवर उडी मारते. मधले अखेनातेन, स्मेंखकरे, तुतानखामून आणि आय, चौघंही गायब. तीसएक वर्षांचा कारभार भिंतीवरून पुसला गेला. अखेनातेननं जुने देव बाजूला सारून एका सूर्यबिंबाची, आतेनची, उपासना सुरू केली होती. पुढच्यांना ते नको होतं, म्हणून राजाच नको झाला.

मग तो आपल्याला कसा माहीत? त्याच्या देवळांचे दगड पुढच्या राजांनी कर्नाकच्या भव्य दारांच्या पोटात भराव म्हणून टाकले होते. ती दारं दुरुस्तीसाठी उकलली तेव्हा हजारो कोरीव दगड बाहेर आले. १८८७ मध्ये अमार्नाला गावकऱ्यांना मातीच्या पाट्या सापडल्या, ती त्या काळची राजाराजांतली पत्रं निघाली. आणि ज्याचं नाव यादीत नव्हतं त्या तुतानखामूनचं थडगं नोव्हेंबर १९२२ मध्ये उघडलं. थोडक्यात, भिंतीवरच्या सरकारी यादीनं लपवलेलं भरावानं आणि मातीनं जपून ठेवलं.

ठाण्याचा ताम्रपट आणि रोझेटाचा दगड

आता हळूहळू घराकडे येऊ. वाट तशी जुनीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाचं एक माहितीपुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस'. त्यात आपल्या शेजारचं कल्याण आहे, सोपारा आहे आणि देशावरचं तगर, म्हणजे आजचं तेर, हेही आहे. तगर हे नाव मनात ठेवा.

इजिप्तच्या राजांची नावं वाचता यायला लागली ती रोझेटाच्या दगडामुळे. तो १७९९ मध्ये सापडला आणि शाँपोलियाँनं १८२२ मध्ये लिपीचं कोडं सोडवलं. पण त्याच्याही आधी, १७८७ मध्ये, ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट मिळाले. पुढच्याच वर्षी 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात त्यांचा इंग्रजी अनुवाद छापूनही आला. हा ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरीचा, शक ९३९ म्हणजे इसवी १०१७ चा. फॅरो मुके असताना आपल्या कोकणचा राजा बोलायला लागला होता. कारण साधं आहे. इजिप्तची लिपी आणि भाषा वाचणारं कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे नागरी आणि संस्कृत वाचणारे पंडित हयात होते.

शिलाहार म्हणजे कोण? इसवी ८०० च्या सुमारास राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून उत्तर कोकणात पहिला कपर्दी आला. तिथपासून १२६५ च्या सुमारापर्यंत, साडेचारशे वर्षं, आजचा ठाणे, मुंबई, रायगडचा पट्टा या घराण्याकडे होता. कान्हेरीच्या लेण्यांत पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी यांच्या काळचे लेख आहेत. अंबरनाथचं देऊळ मुम्मुणीच्या काळचं, तिथला लेख शक ९८२ चा, म्हणजे १०६०. पहिल्या अपरादित्यानं याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली, आणि त्याचा दूत तेजकंठ काश्मीरच्या विद्वानांच्या सभेत गेल्याची नोंद मंख कवीच्या 'श्रीकंठचरिता'त आहे. आणि हे सगळे स्वतःला बिरुद लावत 'तगरपुराधीश्वर'. कोकणात बसून नाव तेरचं. मूळ गाव सोडलं तरी आडनाव सुटत नाही, तसं.

पण शिलाहारांचा मानेथो झाला नाही, आणि त्यांची अबायडॉससारखी भिंतही नाही. त्यांची वंशावळ जुळवली गेली ती एकेक ताम्रपट, एकेक शिलालेख वाचून. वा. वि. मिराशींनी हे सारे लेख एकत्र करून १९७७ मध्ये मोठ्या ग्रंथात प्रसिद्ध केले. आणि या लेखांपैकी बहुतेक काय आहेत? जमिनीचे, गावाचे दानलेख. म्हणजे महसुलाचेच कागद!

भादाण्याचा ताम्रपट

आता आपल्या तालुक्याचा कागद. अपराजित या शिलाहार राजाचा ताम्रपट, शक ९१९ म्हणजे इसवी ९९७. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. लवणेतट इथल्या लोनादित्य या देवाच्या पूजेसाठी भादाण गाव दिलं, असा मजकूर. लवणेतट म्हणजे आपलं लोनाड. नावातच मीठ आणि काठ आहे, खाडीचं गाव. भादाण म्हणजे भादाणे. दोन्ही गावं आजही भिवंडी तालुक्यात आहेत.

गाव देण्याआधी या ताम्रपटात राजांची यादी येते, आणि ती आधी अपराजिताच्या घराण्याची नाही, त्याच्या धन्यांची येते. राष्ट्रकूटांची. गोविंदराजापासून कक्कलापर्यंत. खरं तर ९७३ मध्ये चालुक्य तैलपानं कक्कलाला हरवून ते साम्राज्य बुडवलं होतं. चोवीस वर्षं झाली होती. ज्यांच्याकडून आता काही मिळायचं नाही, अशा बुडालेल्या धन्याचं नाव अपराजितानं तांब्यावर कोरून ठेवलं आणि ते राज्य आता नावापुरतंच उरल्याची खंतही नोंदवली. आणि बघा, मान्यखेटचा दुसरा अमोघवर्ष हा सम्राट एकच वर्ष गादीवर होता, हा आकडा इतिहासकारांना दिला तो या भादाण्याच्या ताम्रपटानं. कर्नाटकातल्या सम्राटाच्या कारकिर्दीचं मोजमाप भिवंडी तालुक्यातल्या एका गावाच्या दानपत्रात!

इथपर्यंत ऐकून अपराजिताबद्दल आदर वाटतो. आता दुसरी बाजू. धन्यांची यादी झाल्यावर तो स्वतःची वंशावळ देतो. त्यात त्याचे वडील वज्जड आहेत. वज्जडाचा धाकटा भाऊ छद्वैदेव मात्र नाही. याच ताम्रपटात नाही असं नव्हे, नंतरच्या एकाही शिलाहार लेखात त्याचं नाव नाही. तो राज्य करून गेला हे कळलं ते त्याचा स्वतःचा एक ताम्रपट हाती आला तेव्हा. तो मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे आला. अभ्यासकांचा तर्क असा, की पुतण्याला डावलून काकानं गादी घेतली असावी, म्हणून पुढच्यांनी त्याला वंशावळीतून वगळलं.

म्हणजे सेतीनं भिंतीवर जे केलं, तेच अपराजितानं तांब्यावर केलं. परक्या धन्याशी इमान राखणारा राजा सख्ख्या काकाचं नाव गाळतो. आणि गाळलेलं नाव परत येतं कशानं? तर एका साध्या दानपत्रानं.

'आमच्या किंवा दुसऱ्याच्या वंशातले'

तरीही अबायडॉसची भिंत आणि आपले दानलेख यांत एक मोठा फरक आहे, आणि आजचं आमचं म्हणणं त्यातच आहे. भिंत म्हणते, आम्ही अखंड आहोत. दानपत्रात मात्र ठराविक मजकूर असतो, की पुढे होणाऱ्या राजांनी, मग ते आमच्या वंशातले असोत की दुसऱ्याच्या, हे दान पाळावं. 'दुसऱ्याच्या' हा शब्द राजा स्वतः लिहवून घेतो. आपलं घराणं उद्या नसेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बुडालेल्या राष्ट्रकूटांची यादी देणाऱ्याला तर नक्कीच ठाऊक होतं.

मग पुढचा राजा कशाला ऐकेल? त्याच्यावर कोर्ट नाही, फौजदार नाही. म्हणून शाप. दगडावर वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान चालावं. आणि खाली गाढव आणि स्त्री. ही आपली गधेगाळ. आयाबहिणी बसल्या आहेत म्हणून उलगडून सांगत नाही. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे. परळच्या ११८७ च्या, दुसऱ्या अपरादित्याच्या लेखात संस्कृत मजकुराच्या शेवटी हा शाप मराठीत आहे, सगळ्यांना कळावा म्हणून. आम्ही स्वतः किती वर्षं असा दगड दिसला की संकोचानं मान वळवून पुढे जायचो. चुकत होतो. अश्लील चित्र म्हणून डोळेझाक करत होतो तो नोंदणीचा दस्त होता.

आणि आता इजिप्तची गंमत ऐका. बाविसाव्या राजवंशाच्या आसपास तिथेही देवळांना जमिनी दिल्याचे शिलालेख आहेत, आणि त्यांत दान मोडणाऱ्याला अगदी गाढवाचीच शिवी आहे! आमच्याकडून त्यांच्याकडे गेली, त्यांच्याकडून आमच्याकडे आली, असलं काही आम्ही म्हणत नाही. मध्ये दीड-दोन हजार वर्षं आहेत आणि पुरावा नाही. पण अडचण एकच होती. कायद्याचा हात जिथं पोचत नाही, तिथं माणसं लाजेला पुढे करतात.

लोनाडलाच बघा. डोंगरात बौद्ध लेणं, तिथं आज खांडेश्वरी देवीची पूजा होते. मग ९९७ मध्ये अपराजिताचं दान. शक ११०६, म्हणजे ११८४ मध्ये दुसऱ्या अपरादित्याचा शिलालेख. आणि शेजारच्या चौधरपाड्याचा, दुसऱ्या केशिदेवाचा शिलालेख शक ११६१ चा. माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र, इसवी १२४० च्या सुरुवातीची. षोंपेश्वर देवाचा भक्त असलेल्या कवी सोमण याला ब्रह्मपुरी गाव दिलं, आणि बापग्रामातली जमीन चौघांना दिली. बापग्राम म्हणजे बापगाव. रोज ज्या नावाची पाटी पाहून आपण गाडी वळवतो, ते पावणेआठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं आहे. एका गावाच्या शिवारात २४३ वर्षांत तीन राजांचे दस्त.

त्यानंतर पाव शतकात घराणं संपलं. यादव महादेवानं शेवटच्या सोमेश्वरावर चाल केली. यादवांच्या प्रशस्तीत म्हटलंय, की महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वरानं समुद्रात बुडणं पत्करलं. 'दुसऱ्याच्या वंशातले' आले. मग त्यांच्यावरही दुसरे आले. जमिनी गेल्या, देवळं पडली, दगड तेवढे राहिले.

आता ते दगड आपल्या हातात आहेत, मंडळी. आपल्या तालुक्यात शेतजमिनीवर एकामागून एक गोदामं उभी राहताहेत. त्याबद्दल तक्रार नाही, त्यावर कित्येकांची घरं चालतात. पण भरावाची माती ओतताना, जेसीबी चालवताना एखादा चंद्र-सूर्याचा दगड दिसला तर थांबायचं. कर्नाकचा भराव उकलायला पुढे पुरातत्त्वज्ञ आले. गोदामाच्या काँक्रीटखालचा भराव कोण उकलणार? त्यात कदाचित असा एखादा राजा असेल, ज्याचं नाव त्याच्या घरच्यांनीच गाळलं आणि जे दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नाही. 'पुढे होणाऱ्यांनी पाळावं' हे राजांना उद्देशून लिहिलं होतं. राजे राहिले नाहीत. पुढे झालेले ते आपणच.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : राजवंश तीस की एकतीस? पुस्तकांत दोन्ही आकडे दिसतात.

उत्तर : मानेथोचे तीस. तिसाव्यानंतर इराणी पुन्हा थोडी वर्षं आले, त्यांना पुढच्या लोकांनी एकतिसावा आकडा दिला. टॉलेमींना सहसा आकडा लावत नाहीत, घराण्याच्या नावानंच ओळखतात.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर असा दगड आहे. गावकरी शेंदूर लावतात. काय करावं?

उत्तर : पहिलं म्हणजे हलवू नका. दगड कुठं उभा आहे, हाही पुरावाच असतो, कारण तो बहुधा दिलेल्या जमिनीची खूण असतो. तारेच्या ब्रशनं घासू नका, ॲसिड लावू नका, अक्षरं खडूनं गिरवू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. जागा लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला व तहसीलदारांना कळवा. ताम्रपट किंवा नाणी जमिनीत सापडली तर ती कलेक्टरांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारकच आहे. शेंदराबद्दल गावाशी भांडू नका. त्यांनी देव मानला म्हणून तर तो आजवर राहिला. फक्त लेखावर थर चढू नये, एवढं समजावून सांगा. ऐकतात लोक.

वेळ झालीय, थांबतो. येत्या रविवारी जमलं तर लोनाडला चक्कर मारा, आणि येताना बापगावच्या पाटीपाशी क्षणभर गाडी थांबवा.